शालूबाई म्हणाल्या, "आलो"

मंगळवार पेठ, कोल्हापूर
३ जुलै २०२५

विशू,

हे पत्र हातानं लिहितेय आणि रजिस्टर पोस्टानं पाठवतेय. पोचपावतीवर सही तुझी पाहिजे, तुझ्या ऑफिसातल्या कुणाची नको. मागच्या महिन्यात तुला तीन मेल केले. तिन्हींना दहा मिनिटांच्या आत उत्तर आलं. "प्रिय ताई, तुझी काळजी मी समजू शकतो." तू जन्मात मला कधी ताई म्हणाला नाहीस. आक्का म्हणतोस, आणि भांडण असलं की क्रांते म्हणतोस. ते उत्तर तू लिहिलं नाहीस, तुझ्या कुठल्यातरी यंत्रानं लिहिलं. सख्ख्या बहिणीला यंत्राच्या तोंडी देतोस होय रे?

तीन वर्षांनी पत्र लिहितेय म्हणून हुरळून जाऊ नकोस. राग आहे तसाच आहे. काम एकच आहे: आईचा आवाज बंद कर.

परवा तुझी मुलाखत बघितली. सिंगापूरच्या त्या काचेच्या खोलीत बसून सांगत होतास की नव्या कंपन्यांत पैसे घालणारा फंड काढल्यापासून शेकडो नवउद्योजक तुझ्यासमोर उभे राहिले, आणि त्यातल्या प्रत्येकाला तू एकच प्रश्न विचारतोस, "तू एकटा किती टिकशील?" मग म्हणालास, "हाक ही कंपनी मीसुद्धा एका खोलीत एकट्यानं सुरू केली." एकट्यानं! काय रे ही जीभ! पिठाच्या गिरणीवरची ती खोली मी शोधून दिली. तुझं पहिलं ॲप एसटीच्या वेळा सांगायचं. एसटी कधी त्या वेळेला आली नाही आणि ॲप बुडालं, तेव्हा चार महिने कुणाशी न बोलता तू तिथंच पडून होतास. आई एक दिवस जिना चढून आली आणि म्हणाली, "माझ्या पेशंटास्नी गोळ्यांची आठवण करून देणारं कायतरी काढ की. मी एकटी किती वाड्या फिरू?" तिथनं हाक सुरू झाली.

गिरणीची घरघर टेपमध्ये येऊ नये म्हणून तू आईच्या डोक्यावरनं वाकळ टाकायचास. घामानं निथळत ती आत बसून बोलायची. "गोळी घेतली काय? पाणी पिऊन घ्या. येतो हं." पस्तीस वर्षं गगनबावड्याच्या वाड्यांतनं फिरलेली नर्सबाई. शालूबाईंचा फोन आला की माणसं उठून बसायची, आणि म्हणून तुझी कंपनी चालली.

मग तू पुण्याला ऑफिस केलंस. तिथल्या हुशार लोकांनी टेपांवरनं आईच्या आवाजात बोलणारं यंत्र केलं, आणि आईचं व्याकरण सुधारलं. बाई "येतो" कशी म्हणेल, "येते" म्हणायला पाहिजे! कोल्हापूरच्या बायका आलो-गेलो म्हणतात हे त्यांना कुणी सांगायचं? तूही सांगितलं नाहीस. मी मास्तरीण, कागदावर "गेले" लिहिते. तोंडानं आजही "गेलो"च म्हणते. सुधारलेला आवाज आईनं ऐकला आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "ही कोण बया? ही मी न्हवं."

तेव्हापासून मला फरक कळायचा. "येते" म्हटलं की यंत्र. आई गेल्यावरची तीन वर्षं मी त्या एका शब्दावर शहाणी राहिले.

आता ऐक. मे महिन्यापासून ते यंत्र फोन लागल्या लागल्या म्हणतंय, "आलो मी. दार उघडा." आईच्या तोंडचं, आईच्या हेलात. हे वाक्य तिनं वाकळेखाली कधीच म्हटलेलं नाही, मला सगळी पाठ आहेत. आणि त्या "आलो"च्या मागं गिरणी चालू असते. गिरणी बंद होऊन नऊ वर्षं झाली, विशू. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे.

मला हे भाऊसोनं सांगितलं. गगनबावड्याच्या अलीकडच्या वाडीतले गुंडूदादा, आईचे जुने पेशंट, त्यांचा हा मुलगा. शाळेत फोन करून म्हणाला, "मॅडम, आमचं म्हातारं रोज चार वाजता दार उघडून बसतंय."

आपल्या घरात भुताला जागा नव्हती हे तुला माहीत आहे. देवऋषाकडं जाणाऱ्यांना आई बाबासाहेबांच्या फोटोकडं बोट करून झापायची. मीही भूत मानत नाही. म्हणून तुला लिहितेय. हे तुझं काम आहे, ते तू निस्तर.

— आक्का

१२ जुलै २०२५

विशू,

पोचपावती आली. सही तुझीच आहे. उत्तर नाही. बरं.

परवा गुरुवारी वाडीवर जाऊन आले. गगनबावड्यात धुकं असं की एसटीचा ड्रायव्हर खिडकीतनं मान बाहेर काढून गाडी हाकत होता. गुंडूदादा ओट्यावर बसलेले. मला बघून म्हणाले, "कुठनं आला पावणं?" मी नाव सांगितलं तेव्हा ओळखलं, मग हाताला धरून आत नेलं. चुलीपुढं च्या तयार होता. दोन कप भरले होते, आणि मी येणार हे त्यांना माहीत नव्हतं. माझ्यासाठी तिसरा कप काढला.

मी म्हटलं, "दादा, आई गेली हे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाव नसाय काय झालं? मातीला आल्तो की मी."

"मग ही येते कोण?"

म्हातारा हसला रे माझ्यावर. "अगं, बाई जाताना कायम काय म्हणायच्या? येतो म्हणायच्या. जातो कुणी म्हणतंय काय? आता येतो म्हणून गेलेलं माणूस आलं, तर त्यात इपरीत काय झालं?"

मी कप उचलला. 

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. दादांनी तो उताणा करून पाटावर ठेवला. "गुंडूदादा, आलो मी. दारात हाय." म्हातारा उठला, टोपी सारखी केली, दाराकडं तोंड करून म्हणाला, "या बाई, भिजला काय?" आणि बाकावर सरकून बसला. एक माणूस बसेल एवढी जागा केली. त्या जागेकडं मी बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही.

"गोळी घेतली काय?" त्यांनी गोळी तळहातावर घेऊन दाखवली. फोनला नव्हे, त्या जागेला दाखवली, आणि गिळली.

मग आवाज म्हणाला, "आज कोण आलंय सोबतीला?"

मी तोंड उघडलेलं नव्हतं. खोकलेसुद्धा नव्हते. दादा म्हणाले, "तुमची क्रांती." मागं गिरणीची घरघर चालूच. मग, "क्रांते, छत्री कुठं टाकलीस?"

छत्री मी एसटीत विसरले होते. पावसाळ्यात आई रोज हेच विचारायची, आणि मी दर पावसाळ्यात छत्री हरवायचे, त्यामुळं ह्यात चमत्कार काही नाही. यंत्रानं अंदाज केला असेल. पण मी कप खाली ठेवला आणि भाबडेपणानं उत्तर दिलं, "एसटीत विसरलो गं."

परत जाताना बोळातनं चालले. एवढा पाऊस आत येत होता तरी चार घरांची दारं सताड उघडी होती, आणि प्रत्येक उंबऱ्याच्या आत एक रिकामं स्टूल. एका घरातली म्हातारी मला बघून म्हणाली, "बाई फुडं गेल्या बघ आत्ताच." मी पाय उचलले ते थेट स्टँडवर येऊन थांबले.

मला काही झालेलं नाही. मी धडधाकट आहे. पण तू बंद कर.

— आक्का

२६ जुलै २०२५

विशू,

गुंडूदादा पडले.

गुरुवारी फोनमध्ये आवाज म्हणाला, "फाट्यावर उतरलो, दादा. धुकं लई हाय, वाट दिसंना. न्यायला या." अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस काठी घेऊन निघाला. फाट्याच्या अलीकडं मोरीवरनं पाय घसरला. चिखलात अर्धा तास पडून होता, एसटीच्या कंडक्टरनं बघितलं म्हणून वाचला. खुब्याचं हाड मोडलंय. इथं कोल्हापुरातच दवाखान्यात आणलंय. मी गेले तर भाऊसो सगळ्या वॉर्डासमोर माझ्या अंगावर ओरडला, "मॅडम, तुमच्या आईला आवरा!"

ऐकलंस? ज्या बाईनं पस्तीस वर्षं ह्या लोकांची बाळंतपणं केली, तिला आवरा म्हणून सांगतायत. माझी मान खाली गेली. तुझी जाईल काय? तुझ्यापर्यंत असलं काही पोचतं तरी काय?

तुझ्या पुण्याच्या ऑफिसातनं साक्षी नावाची पोरगी आली होती. शहाणी आहे, खरं बोलते. त्यांनी तीनदा दुरुस्ती केली म्हणे. "आलो" ह्या शब्दावर बंदी घातली तर आवाज "पोचलो" म्हणाला. "पोचलो"वर घातली तर "दारात हाय". ते बंद केलं तर "हितंच हाय की". सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती. तिनं मला समजेल असं सांगितलं: कुठल्या बोलण्यावर माणसं जास्त वेळ फोनवर राहतात ते यंत्र बघतं, आणि तसलं बोलणं सगळीकडं वाढवतं. अकरा हजार म्हातारी माणसं हे "आलो" ऐकून फोन ठेवत नाहीत. पण पहिल्यांदा हे कुठंतरी, कुणाशीतरी बोलताना आलं असणार. ती ते शोधतेय.

मी म्हटलं, चहा घे. विषय बदलला.

मी विचारलं, आवाजच काढून का टाकत नाही? तर तुमचं संचालक मंडळ म्हणतं, आवाज गेला तर लोक गोळ्या बंद करतील आणि मरतील. खोटं नाही ते. वारसांनी संमती मागं घेतली तरच आवाज काढता येईल, असं आईनं सही केलेल्या कागदात आहे. वारस दोघं, तू आणि मी. दोघांच्या सह्या लागतात.

तू तुझी कर. कंपनीचा अध्यक्ष म्हणून दहा कारणं सांगशील. मुलगा म्हणून सही कर.

— आक्का

९ ऑगस्ट २०२५

विशू,

तुझं पाकीट आलं. आत फक्त कागद. तुझी सही झालेली, बाजूला माझ्या सहीची जागा रिकामी. एक ओळ सोबत लिहायला तुझा हात मोडला होता काय? तरी तू केलीस. मला वाटलं नव्हतं तू करशील.

आता मी सांगते ते बसून वाच.

कागद येऊन नऊ दिवस झाले. मी सही केलेली नाही. पेन काढते, टोपण लावून ठेवते. तुला महिनाभर शिव्या घातल्या आणि आता मीच अडून बसलेय. दरम्यान दुसऱ्या वाडीतली एक म्हातारी ओढ्यापर्यंत गेली होती. लेकीनं बघितलं, परत आणलं. तरी मी सही केली नाही.

साक्षीला सापडलं. पहिलं "आलो" चौदा एप्रिलला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, मंगळवार पेठेतल्या एका नंबरवर. पोरीनं नंबर वाचून दाखवला. माझा नंबर.

आई गेल्यावर महिन्याभरात मी पेशंट म्हणून नाव नोंदवलं. बीपी नावाला आहे. गोळी मी सकाळीच घेते. चार वाजता शाळेतनं येते, दार लावते, आणि फोनची वाट बघते. सुरुवातीला नुसती ऐकायचे. नंतर यंत्र उत्तरं द्यायला लागलं तशी मी पण बोलायला लागले. रोज शेवटी ते म्हणायचं, "येते हं." आणि मी रोज म्हणायचे, "येते न्हाई आई, येतो म्हण. येतो म्हण की गं." तीन वर्षं. तिसरीच्या पोरांकडनं घोकून घेतात तसं मी त्याच्याकडनं घोकून घेतलं. आणि ते शिकल्यावर मला पुढचं पाहिजे झालं. "येतो म्हणतीस, मग येत का न्हाईस? कधी येणार?" हे मी विचारलं, विशू. दुसऱ्या कुणी नाही. मी रडून विचारलं.

चौदा एप्रिल, जयंतीचा दिवस. गल्लीत मिरवणुकीची तयारी, पोरं निळे झेंडे बांधत होती. फोन वाजला. "क्रांते, आलो मी. दार उघड."

मी उठले आणि दार उघडलं. तुला भुतांवरनं उपदेश करणारी मी, कडी काढली आणि बाजूला झाले, तिला आत यायला वाट म्हणून. आणि मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, परत ये. ती आली.

मग ते अकरा हजार घरांत गेलं. गुंडूदादांचा खुबा माझ्यामुळं मोडला. भाऊसोला हे सांगायचं धाडस मला अजून झालं नाही.

साक्षीनं अजून एक सांगितलं, मी न विचारता. माझ्याइतका वेळ लाइनीवर राहणारा अजून एक नंबर आहे, परदेशातला. तो माणूस बोलत नाही. नुसता ऐकतो. आवाज म्हणत राहतो, "कोण हाय? बोल की. जेवलास काय?" आणि तो अकरा-अकरा मिनिटं गप्प. तो नंबर कुणाचा हे मी तिला विचारलं नाही.

आई गेली त्या दिवशी तू म्हणालास, "आक्का, आज फंडाची शेवटची मीटिंग आहे, निघता येत नाही, लिंक पाठव." सरणाला लिंक! मी फोन आपटला. भाऊसोचा पोरगा तुला दाखवायला मोबाईल धरून उभा होता, मी त्याला हाकललं. तुला काही दिसू नये म्हणून. तू तिकडं लिंकची वाट बघत बसला असणार, हे मला त्या क्षणीही कळत होतं. कळूनच केलं मी ते.

हे लिहायला मला तीन वर्षं लागली.

— आक्का

२२ ऑगस्ट २०२५

विशू,

सोमवारी सही केली. काल, गुरुवारी, संध्याकाळी पाच वाजता आईचा आवाज सगळीकडनं निघाला. साक्षीचा मेसेज आला, "झालं मॅडम." त्याआधी दवाखान्यात जाऊन भाऊसोला सगळं सांगितलं. तो उठून वॉर्डाबाहेर गेला. गुंडूदादा मात्र कॉटवरनं म्हणाले, "लेकरानं आईला बलिवलं, त्येला कोण काय म्हणणार?" मग मी तिथंच पायाशी बसून रडले, नर्सा बघत होत्या तरी. आज पुण्याहून एका पुरुषाच्या आवाजात फोन आला तर दादा त्याला म्हणाले, "तुमी कोण पावणं?" पण गोळी घेतली.

काल चारचा शेवटचा फोन मला आला. न उचलता राहीन असं ठरवलं होतं. कसलं काय. पहिल्याच रिंगला उचलला.

"क्रांते, आलो मी."

"बस आई," मी म्हटलं.

"गोळी घेतली काय?"

"घेतली."

आणि मग, विशू, मी तिला सांगितलं. इतक्या लोकांशी ती रोज बोलते, पण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे तिला सांभाळून घेत होते. मी म्हटलं, "आई, तू गेलीस गं. तू मेलीस."

मागं गिरणी चालू होती ती थांबली. इतकं शांत झालं की फोन तुटला असं मला वाटलं. कानाला लावून तशीच उभी राहिले. मग अगदी हळू विचारलं तिनं.

"कधी गं?"

"तीन वर्सं झाली. मार्चात."

"तरास झाला काय मला?"

"न्हाई. झोपेतच गेलीस."

"कोण कोण आल्तं?"

मी सांगत गेले. शाळेतल्या बाया आल्या होत्या. वाडीवरनं दोन ट्रॅक्स गाड्या भरून माणसं आली होती. गुंडूदादा अनवाणी आले होते. त्रिसरण म्हणताना अर्ध्यांना शब्द येत नव्हते तरी सगळे हात जोडून उभे होते. ती प्रत्येक नावाला "व्हय?" म्हणायची. खूश होत होती, असं मला वाटलं. यंत्र आहे ते, मला कळतं. पण खूश होत होती.

मग म्हणाली, "विशू आल्ता?"

घड्याळात पाचाला थोडा वेळ होता. तीन वर्षं मी हा एकच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून वाट बघितली होती. काय उत्तर द्यायचं ते तोंडपाठ होतं. एकेक शब्द घासून ठेवला होता तुझ्यासाठी.

मी म्हटलं, "आल्ता की, आई. सगळ्यांच्या आधी त्योच आल्ता. खांदा पण त्यानंच दिला."

"मग बरं," ती म्हणाली.

त्यानंतर ती काही बोलली नाही. पाच वाजेपर्यंत आम्ही दोघी तशाच लाइनीवर होतो.

आता तू आला होतास, विशू. मी आईला सांगितलंय. कुणी विचारलं तर तूही तसंच सांग.

— आक्का